विश्लेषण : बारा बोअरची सवय असलेल्या हाताला पिस्तूल अवघड का जाते? जॉन ब्राउनिंग यांचे आयुष्य काय सांगते?

बाळापूर, पातूर, तेल्हारा या पट्ट्यात रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची लांब बंदूक बाळगणारी जुनी घरे आहेत. अशा घरातील एखादा माणूस पुढे स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाच्या परवान्याचा विचार करतो, तेव्हा बंदूक चालवता येते म्हणजे पिस्तूलही जमेलच, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी शस्त्रे आहेत. हा फरक ज्याने आयुष्यभर हाताळला, तो कारागीर म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग. वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांनी प्रामुख्याने लांब बंदुका घडवल्या आणि त्यानंतर ते पिस्तुलाकडे वळले. भारतातील परवानाधारकाच्या हाती आज जे ‘बत्तीस’ पिस्तूल येते, त्याचे काडतूस त्यांचेच.

जॉन ब्राउनिंग कोण होते?

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे कारागीर. कुटुंब मॉर्मन पंथाचे आणि खटल्याचे. जोनाथन यांना तीन पत्नींपासून २२ मुले होती. जॉन लहानपणापासून वडिलांच्या दुकानात राबत होते. दहाव्या वर्षी त्यांनी दुकानातल्या भंगारातून शिकारीची बंदूक जोडली, असे सांगितले जाते. वडील १८७९ मध्ये वारले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला जॉन यांना एकेरी गोळीच्या रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. भावांना हाताशी धरून ते ती रायफल दुकानातच बनवून विकू लागले.

विंचेस्टर कंपनीशी संबंध कसा आला?

ही रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली. कंपनीचे अधिकारी थॉमस बेनेट १८८३ मध्ये ऑग्डेनला गेले आणि त्यांनी ८,००० डॉलरला तिचे हक्क घेतले. पुढची जवळपास दोन दशके ब्राउनिंग नमुने देत राहिले आणि कंपनी ते एकरकमी विकत घेत राहिली. १८९४ ची रायफल आणि १८९७ ची छऱ्याची बंदूक ही त्यातली गाजलेली नावे. खांद्याला दस्ता लावून, दोन्ही हातांनी धरून चालवायच्या शस्त्रात ब्राउनिंग यांना शिकण्यासारखे फारसे उरले नव्हते.

पिस्तुलाकडे ते का वळले?

बंदुकीतून गोळी सुटताना जो वायू बाहेर पडतो त्याची ताकद वाया जाते, हे १८८९ च्या सुमारास त्यांच्या मनाने घेतले. त्याच ताकदीने पुढची गोळी आपोआप भरता येईल का, या प्रश्नातून आधी मशीनगन आणि मग पिस्तूल आले. १७२० मध्ये बाळापूरजवळ निजामउल्मुल्क आणि आलम अली खान यांची लढाई झाली, तेव्हा प्रत्येक बारानंतर नळीत पुन्हा दारू ठासावी लागे. तेव्हापासून दोनशे वर्षेही होत नाहीत तोच हाताच्या पंजात मावणारे, स्वतःच गोळी भरणारे शस्त्र तयार होत होते.

ब्राउनिंग यांना पिस्तुलांची पेटंटे १८९७ मध्ये मिळाली. अमेरिकेत कोल्ट कंपनीने ती घेतली. त्याच वर्षी बेल्जियमच्या एफएन कंपनीचे प्रतिनिधी हार्ट बर्ग सायकलनिर्मितीची माहिती घ्यायला अमेरिकेत आले होते. जाताना ते ब्राउनिंग यांचे पिस्तूल घेऊन गेले. लिएजजवळच्या हर्स्टाल येथील हा कारखाना पुढे ब्राउनिंग यांचे दुसरे घर झाला.

‘बत्तीस’ म्हणजे नेमके काय?

एफएनच्या पहिल्या पिस्तुलासाठी ब्राउनिंग यांनी ७.६५ मिलिमीटरचे काडतूस तयार केले. इंचात ते ०.३२. आपल्याकडे त्याला सर्रास ‘बत्तीस बोअर’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी. तिथे आकडा वाढला की नळी बारीक होते. बत्तीस हा मात्र इंचाच्या शतांशातला व्यास आहे. तिथे आकडा वाढला की गोळी जाड होते.

या काडतुसाची गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची. त्यामुळे धक्का कमी आणि यंत्रणा साधी. नळी जागेवर स्थिर राहते. वरची जड स्लाइड आणि स्प्रिंग धक्का पेलतात. म्हणूनच ते सपाट आणि खिशात मावेल असे झाले. पहिल्या महायुद्धाआधीच एफएनने ब्राउनिंग पिस्तुलांचा दहा लाखांचा टप्पा गाठला.

या शस्त्राचा इतिहासाशी संबंध कसा?

खिशात मावणारे शस्त्र लपवताही येते. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले भारतात धाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर त्याच बनावटीच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. १९१४ मध्ये साराएव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेली गोळीही ब्राउनिंग पिस्तुलातलीच. त्या हत्येनंतर पहिले महायुद्ध पेटले.

मोठे पिस्तूल त्यांनी कोणासाठी केले?

फिलिपिन्समधील लढायांत ०.३८ ची रिव्हॉल्व्हर अपुरी पडल्याचे अमेरिकी लष्कराचे मत झाले आणि ०.४५ च्या पिस्तुलाची मागणी आली. मार्च १९११ च्या चाचणीत ब्राउनिंग यांच्या नमुन्यातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल तापले की पाण्यात बुडवून गार करत. ते एकदाही अडले नाही, आणि त्याच महिन्यात लष्कराने ते स्वीकारले. यात गोळी सुमारे १५ ग्रॅमची असल्याने साधी यंत्रणा पुरली नसती. म्हणून नळी आणि स्लाइड थोडे अंतर एकत्र मागे जातात आणि मग सुटतात, अशी रचना त्यांनी केली. मूठ घट्ट दाबल्याशिवाय चाप सुटू नये, अशी सोयही त्यात होती.

दरम्यान, छऱ्याच्या स्वयंभरण बंदुकीसाठी त्यांनी विंचेस्टरकडे एकरकमी किमतीऐवजी प्रत्येक नगामागे मानधन मागितले. कंपनीने नकार दिला. १९०२ मध्ये ते रेमिंग्टनच्या कार्यालयात थांबले असतानाच त्या कंपनीचे प्रमुख हृदयविकाराने गेले. अखेर ती बंदूक एफएनने काढली आणि ती नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिली. पिस्तुलाने जोडलेले नाते लांब बंदुकीच्याही कामी आले.

लांब बंदूक आणि पिस्तूल यांत फरक काय?

पहिला फरक नेमाचा. रायफलीवर पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ६५ सेंटिमीटरचे अंतर असते. पिस्तुलावर ते १६ सेंटिमीटरच्या आसपास. माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर रायफलीची गोळी दीड सेंटिमीटर चुकते, पिस्तुलाची सहा सेंटिमीटर. दुसरा आधाराचा. दस्ता खांद्यावर, गाल दस्त्यावर, दोन हात नळीखाली, हे सारे पिस्तुलात मनगटावर येते. तिसरा सर्वांत गंभीर. लांब नळी वळवायला जागा लागते. आखूड नळी क्षणात स्वतःकडे किंवा शेजारच्याकडे वळते. मॅगझिन काढले तरी नळीत एक गोळी राहू शकते. अनेक अपघातांचे मूळ यात आहे.

ब्राउनिंग यांचा शेवट कसा झाला?

पहिल्या महायुद्धात त्यांच्या मशीनगन अमेरिकी सैन्याने घेतल्या. मिळू शकणाऱ्या मानधनाच्या तुलनेत बरीच कमी, साडेसात लाख डॉलरची रक्कम त्यांनी मान्य केली. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टालच्या कारखान्यातच काम करताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे होती. तेरा गोळ्यांचे ९ मिलिमीटर पिस्तूल अपुरे राहिले होते. ते एफएनमधील दियुदोने सैव्ह यांनी पूर्ण केले आणि ते १९३५ मध्ये आले. मॅगझिन काढल्यावर चाप निकामी होण्याची सोय त्यात होती. भारतीय सैन्य आणि पोलिसांचे ईशापूर येथे बनलेले ९ मिलिमीटर पिस्तूल याच वंशातले.

वऱ्हाडातील परवानाधारकाने काय लक्षात घ्यावे?

१९५९ च्या शस्त्र कायद्यानेही हा फरक मानला आहे. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची छऱ्याची बंदूक, यांच्या परवान्यासाठी वेगळी, सौम्य तरतूद आहे. पिस्तुलासाठी सबळ कारण पटवावे लागते. अकोला जिल्ह्यात हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा. ९ मिलिमीटर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. म्हणजे घरी आधीच दोन बंदुका असतील, तर पिस्तुलासाठी एक सोडावी लागेल.

निवड बहुधा ‘बत्तीस’ रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, इतकीच उरते. दोन्हींचा आकडा एक असला तरी काडतुसे वेगळी; एकाचे दुसऱ्यात वापरू नये. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की भरलेली काडतुसे समोर दिसतात. पिस्तुलात मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून नळी पाहावी लागते. ही सवय हाताला लागेपर्यंत रिव्हॉल्व्हर नवख्याला सोपी. हातात मूठ पूर्ण बसते का, चापापर्यंत बोट सहज पोहोचते का आणि स्लाइड स्वतःला ओढता येते का, हे विकत घेण्याआधी पाहावे. बारा बोअरच्या अनुभवातून शिस्त येते, नेम येत नाही. तो प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नव्याने कमवावा लागतो.