नारूचा माग काढणारा डॉक्टर

मित्रांनो, नारू माहितीये? नसेल तर आजीला विचारा. पायाला फोड येऊन त्यातून हातभर लांब जंत निघायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला की पाय सुजलाच!

हेन्री जॉन कार्टर हा इंग्लंडच्या डेव्हनमध्ये १८१३ साली जन्मलेला डॉक्टर. सरकारी नोकरीत मुंबईला आला आणि सूक्ष्मदर्शक घेऊन इथल्या तळ्यांच्या मागे लागला. गोड्या पाण्यातले स्पंज, गाळातले बारीक जंत, अशा कितीतरी नव्या जातींची वर्णनं त्याने छापली. त्याची एक नोंद मला फार मोलाची वाटते. एका शाळेची ५० मुलं एकाच तळ्यात आंघोळ करायची. वर्षभरात २१ जणांना नारू झाला, आणि तळ्याचा गाळ बारीक जंतांनी भरलेला! हेच जंत अंगात शिरून नारू होतात, असा त्याने अंदाज बांधला.

अंदाज चुकला. ते जंत वेगळेच होते. नारूची पिल्लं सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचरात वाढतात आणि पिण्याच्या पाण्यातून पोटात जातात. रशियाच्या फेदचेंकोने १८७० मध्ये सायक्लॉप्सचा धागा शोधला. पण कार्टरचा संशय पाण्यावर होता, तो खराच ठरला.

१८६२ मध्ये तो मायदेशी परतला, समुद्री स्पंजांच्या जाती वर्णन करत राहिला आणि १८९५ मध्ये वारला.

नारूवर लस नाही, औषध नाही. तरी भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा. पाणी गाळून पिणं, पायविहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, यानेच तो गेला. म्हणजे निम्मं काम आपल्या सिव्हिलवाल्यांचं! परंदवडीच्या हॉस्टेलवर नळाला नावं ठेवताना एवढं आठवा.