सोल प्लाटजे (१८७६–१९३२) : जीवन आणि भाषाकार्य

वसाहतकाळात एखाद्या भाषेचे काय होते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या कोशकार्यापासून शालेय पुस्तकांतील शुद्धलेखनाच्या वादापर्यंत त्याची अनेक रूपे आपण पाहिली आहेत. भाषेचे शब्द कोणी गोळा करायचे, तिचे व्याकरण कोणी लिहायचे आणि तिची अक्षरे कोणी ठरवायची, हे प्रश्न वरवर विद्वानांचे वाटतात. त्यांच्या मुळाशी मात्र सत्तेचा प्रश्न असतो. दक्षिण आफ्रिकेतील सेत्स्वाना भाषेचे लेखक, पत्रकार आणि अनुवादक सोलोमन त्शेकिशो प्लाटजे यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

प्लाटजे यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी तत्कालीन ऑरेंज फ्री स्टेटमधील बोशोफ गावाजवळ झाला. घराणे बारोलोंग या त्स्वाना समाजातील. मोगोदी हे या घराण्याचे नाव मागे पडले आणि डच वळणाचे एक टोपणनाव आडनाव होऊन बसले. नावातच वसाहतीचा शिक्का घेऊन जन्मणे हे त्या काळी विशेष मानले जात नसे. त्यांच्या त्स्वाना नावाचा अर्थ मात्र न्यायनिवाडा असा आहे आणि पुढील आयुष्याकडे पाहता तो योगायोग लक्षात राहतो.

त्यांचे बालपण किंबर्लीजवळच्या प्निएल येथील जर्मन मिशनच्या वसाहतीत गेले. वेस्टफाल नावाच्या मिशनरी दांपत्याने या मुलाची बुद्धी हेरली. बाईंनी त्याला इंग्रजी वाङ्मयाची आणि संगीताची गोडी लावली. औपचारिक शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पलीकडे गेले नाही. पण घरात सेत्स्वाना, मिशनमध्ये जर्मन आणि डच, शाळेत इंग्रजी, शेजारी कोराना, अशा बहुभाषिक वातावरणात त्याचा कान तयार झाला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून बारोलोंगांच्या स्थलांतराच्या आणि लढायांच्या हकिकती त्याने ऐकल्या. त्यांचा उपयोग पुढे तीस वर्षांनी झाला.

१८९४ साली प्लाटजे किंबर्लीच्या पोस्टखात्यात तारा पोहोचविणारे शिपाई म्हणून लागले. हिऱ्यांच्या खाणींमुळे उभ्या राहिलेल्या या शहरात शिकलेल्या आफ्रिकी तरुणांचा एक छोटा वर्ग तयार झाला होता. वादसभा, गायनमंडळे, क्रिकेट यांत तो रमलेला असे. १८९६च्या सुमारास प्लाटजे यांनी तेथील नाट्यगृहात हॅम्लेटचा प्रयोग पाहिला आणि शेक्सपिअरने त्यांना कायमचे बांधून घेतले. याच काळात एलिझाबेथ म्बेले या शिक्षिकेशी त्यांचा परिचय झाला. ती खोसा भाषा बोलणारी, हे त्स्वाना. दोन्ही घराण्यांना हा संबंध मान्य नव्हता. दोघांनाही एकमेकांची मातृभाषा नीट येत नव्हती, म्हणून त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. रोमिओ-ज्युलिएटच्या कथेत आपलीच कथा दिसल्याचे त्यांनी पुढे नमूद केले. १८९८ साली त्यांचा विवाह झाला. जेत्यांची भाषा येथे दोन आफ्रिकी माणसांमधला पूल झाली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी; वसाहतवादी भाषेसंबंधी सरसकट विधाने करण्याच्या मोहाला ती आळा घालते.

त्याच वर्षी ते माफेकिंगच्या न्यायालयात दुभाषी म्हणून रुजू झाले. दुभाष्याचे काम वरकरणी कारकुनी स्वरूपाचे असते. प्रत्यक्षात न्यायाधीश एका भाषेचा, आरोपी दुसऱ्या भाषेचा आणि साक्षीदार कदाचित तिसऱ्याच भाषेचा, अशा दालनात आरोपीचे दैव दुभाष्याच्या जिभेवर असते. भाषांतरातील हयगय म्हणजे अन्याय, ही जाणीव प्लाटजे यांना या नोकरीने दिली. न्यायालयीन दुभाष्याच्या कामावर त्यांनी एक दीर्घ टिपणही लिहिले.

ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर सैन्याने माफेकिंगला वेढा घातला आणि तो २१७ दिवस टिकला. इंग्रजी इतिहासग्रंथांनी या वेढ्याचे श्रेय सेनानी बेडन-पॉवेल आणि गोऱ्या रहिवाशांना दिले. गावात हजारो आफ्रिकी माणसे होती, ती लढत होती, निरोप पोहोचवीत होती आणि धान्यवाटपातील भेदभावामुळे उपाशी मरत होती, हे त्या ग्रंथांत जवळजवळ नाही. ते प्लाटजे यांच्या रोजनिशीत आहे. तेवीस वर्षांच्या या दुभाष्याने ती इंग्रजीत लिहिली, मधून मधून इतर भाषांतील शब्द पेरत आणि बऱ्याचदा विनोदाच्या अंगाने. ती त्यांच्या हयातीत कोणी पाहिली नाही. १९७३ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा वेढ्याचा इतिहास नव्याने वाचावा लागला.

युद्धानंतर प्लाटजे नोकरी सोडून पत्रकारितेत आले. १९०२पासून त्यांनी माफेकिंगहून निघणाऱ्या सेत्स्वाना-इंग्रजी वृत्तपत्राचे संपादन केले. पुढे किंबर्लीहून आणखी दोन पत्रे चालविली. पैशाची चणचण कायमची. छापखान्यावरची त्यांची निष्ठा एवढी होती की, एका मुलाचे नाव त्यांनी योहान्नेस गुटेनबर्ग असे ठेवले. ते मूल तान्हेपणीच गेले.

८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे दक्षिण आफ्रिकी नेटिव्ह नॅशनल काँग्रेसची स्थापना झाली. हीच संस्था पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली. जॉन दुबे अध्यक्ष झाले आणि प्लाटजे पहिले सरचिटणीस. दीड वर्षातच, १९ जून १९१३ रोजी, नेटिव्ह लँड ॲक्ट हा जमीनविषयक कायदा मंजूर झाला. देशात आफ्रिकी लोकसंख्या सुमारे ४० लाख आणि गोरी साडेबारा लाखांच्या आसपास. पण या कायद्याने आफ्रिकी लोकांसाठी राखून ठेवलेली जमीन जेमतेम ७ टक्के होती. उरलेल्या प्रदेशात त्यांना जमीन विकत किंवा खंडाने घेण्याची बंदी झाली. फ्री स्टेटमध्ये अनेक आफ्रिकी कुटुंबे स्वतःचे बैल आणि बियाणे घालून गोऱ्या मालकाची जमीन बटईने कसत. त्यांना आता दोनच वाटा उरल्या : गुराढोरांसह मालकाची चाकरी पत्करणे, नाही तर बाहेर पडणे.

प्लाटजे त्या हिवाळ्यात सायकलवरून या भागात हिंडले. रस्तोरस्ती बिऱ्हाडे आणि जनावरे घेऊन निघालेली, कोठेही थांबण्याचा हक्क नसलेली माणसे त्यांनी पाहिली. एका कुटुंबाचे आजारी मूल वाटेत दगावले. पुरायला जागा नव्हती, कारण पायाखालची प्रत्येक जमीन दुसऱ्याची होती. आईबापांनी रात्री, कोणी पाहू नये अशा बेताने, त्याला पुरले. १९१६ साली लंडनमध्ये प्रकाशित झालेल्या प्लाटजे यांच्या दक्षिण आफ्रिकेतील एतद्देशीयांच्या जीवनावरील ग्रंथात हा प्रसंग येतो. कायद्याची कलमे आणि संसदेतील चर्चा यांच्यामध्ये ठेवलेला तो प्रसंग वाचताना लेखकाचा संयमच अधिक बोचतो.

हा ग्रंथ लंडनमध्ये लिहिला गेला, त्यालाही कारण होते. काँग्रेसचे पाच जणांचे शिष्टमंडळ १९१४ साली ब्रिटिश सरकारकडे दाद मागण्यास गेले. वसाहतमंत्र्यांनी भेट दिली, दाद दिली नाही. महायुद्ध सुरू होताच बाकीचे परतले. प्लाटजे मागे राहिले आणि १९१७पर्यंत व्याख्याने देत, लेखन करीत, कर्जात बुडत तेथेच राहिले. ब्रिटिश न्यायबुद्धीवर त्यांनी फार काळ विश्वास ठेवला, असे म्हणावे लागेल. नेमस्त राजकारणाचा हा ओळखीचा पेच आहे. आपल्याकडे नामदार गोखले यांच्या पिढीनेही तो अनुभवला होता.

परंतु मराठीच्या विद्यार्थ्याने या लंडनवासाकडे दुसऱ्या कारणासाठीही पाहावे. राजकीय शिष्टाई फसत असताना प्लाटजे आपल्या भाषेचे काम करीत होते. १९१६ या एकाच वर्षी त्यांची सेत्स्वानाविषयीची दोन पुस्तके निघाली. पहिले म्हणजे ७३२ म्हणींचा संग्रह. प्रत्येक म्हणीचा शब्दशः अर्थ आणि शक्य तेथे तिच्या जवळची युरोपीय म्हण. मराठी म्हणींचा मॅनवेअरिंग यांचा संग्रह १८९९ साली निघाला होता. पण मॅनवेअरिंग हे मिशनरी होते. प्लाटजे स्वतःच्याच घरात ऐकलेल्या म्हणी नोंदवीत होते. जमीन सुटल्यावर गावे उठतात आणि गावे उठली की म्हणी सांगणारी माणसे पांगतात, हे ते नुकतेच डोळ्यांनी पाहून आले होते.

दुसरे पुस्तक त्यांनी लंडन विद्यापीठातील ध्वनिवैज्ञानिक डॅनिअल जोन्स यांच्याबरोबर केले. सेत्स्वाना ही सुरावर अवलंबून असणारी भाषा आहे. तीच अक्षरे उंच वा खालच्या सुरात उच्चारली की अर्थ पालटतो. रोमन लिपीत हे दिसत नाही. मिशनऱ्यांनी लिहिलेल्या सेत्स्वानात ते नव्हतेच. शिवाय प्रत्येक पंथाचे लेखन वेगळे. रॉबर्ट मॉफट यांचे संपूर्ण बायबल १८५७ साली छापून झाले होते आणि छापील भाषेचे वळण तेथूनच पडले. नव्या पिढीचा उच्चार छापील पुस्तकांमुळे बिघडत चालला आहे, अशी प्लाटजे यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी जोन्स यांच्यासमोर बसून बोलून दाखविले आणि जोन्स यांनी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत सूर नोंदविले. भाषाविज्ञानाच्या घटकात आपण स्वनिम ही संकल्पना शिकलो. तिच्यासाठीची फोनीम ही संज्ञा इंग्रजीत रुळविणाऱ्यांत जोन्स प्रमुख आणि त्यांनी ती प्रथम वापरली, ती १९१७ साली सेत्स्वानाच्या ध्वनिरचनेवरील व्याख्यानात. त्या संकल्पनेच्या इतिहासात प्लाटजे यांचा आवाज असा मिसळलेला आहे. पाठ्यपुस्तके हे क्वचितच सांगतात.

१९१९मध्ये दुसरे शिष्टमंडळ गेले; पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी त्यांचे ऐकून घेतले. फळ तेच. पुढे प्लाटजे कॅनडा आणि अमेरिकेत हिंडले. ते परदेशी असतानाच १९२१ साली त्यांची मुलगी ऑलिव्ह वारली. म्हुदी ही कादंबरी त्यांनी तिच्याच स्मृतीस अर्पण केली. १९३० साली प्रकाशित झालेली ही कादंबरी कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी लेखकाने इंग्रजीत लिहिलेली पहिली कादंबरी मानतात. १८३०च्या दशकातील बारोलोंग, मातबेले आणि बोअर यांच्या संघर्षाची ही कथा आहे आणि तिच्या केंद्रस्थानी म्हुदी नावाची धीट, विवेकी स्त्री आहे. हस्तलिखित सुमारे दहा वर्षे पडून राहिले. शेवटी एका मिशन-छापखान्याने काटछाट करून ते छापले.

अखेरची वर्षे शेक्सपिअरच्या अनुवादांत गेली. आपल्याकडे आगरकरांचे विकारविलसित किंवा देवलांचे झुंझारराव यांच्यामागे नवी मराठी रंगभूमी उभी होती. प्लाटजे यांच्यामागे रंगभूमी नव्हती, वाचकवर्ग तोकडा होता आणि प्रकाशकाला भाषेची पर्वा नव्हती. तरी १९३० साली कॉमेडी ऑफ एरर्सचा त्यांचा अनुवाद दिफोशो-फोशो या नावाने निघाला. सेत्स्वाना ही फक्त धर्मोपदेशापुरती भाषा आहे, या समजाला ते उत्तर होते. याच सुमारास सरकारी आश्रयाखाली सेत्स्वानासाठी नवी एकसारखी लेखनपद्धती ठरविण्याचे काम सुरू झाले. एकसूत्रतेला प्लाटजे यांचा विरोध नव्हता. ती मुख्यतः युरोपीय तज्ज्ञांनी ठरवावी आणि ज्यांची ती भाषा त्यांना विचारू नये, याला होता. वृत्तपत्रांतून त्यांनी कडाडून लिहिले. निर्णय बदलला नाही.

किंबर्लीतील आफ्रिकी, मिश्रवर्णीय आणि हिंदी रहिवाशांनी मिळून त्यांना एंजल स्ट्रीटवरील घर भेट दिले होते. तेथेच त्यांचे बहुतेक काम चाले. कामानिमित्त जोहान्सबर्गला गेले असता न्युमोनियाने १९ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. जमिनीचा कायदा मंजूर झाला तीच तारीख. त्यांना किंबर्लीत पुरण्यात आले. आज त्या शहरातील विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

ज्युलिअस सीझरचा त्यांचा अनुवाद मृत्यूनंतर पाच वर्षांनी विटवॉटर्सरँड विद्यापीठाने प्रकाशित केला. संपादक लेस्ट्रेड या युरोपीय प्राध्यापकांनी त्यात फेरफार केले आणि तो नव्या लेखनपद्धतीत छापला, ज्या पद्धतीला प्लाटजे यांनी अखेरपर्यंत विरोध केला होता. त्यांनी केलेल्या इतर शेक्सपिअर-अनुवादांची हस्तलिखिते गहाळ झाली.