मलेरियाचा परजीवी पहिल्यांदा दिसला, पण विश्वास कुणाचा बसेना!

६ नोव्हेंबर १८८०. अल्जेरियातल्या कॉन्स्टंटीन शहरातलं लष्करी रुग्णालय. तापाने आजारी असलेल्या एका सैनिकाचं रक्त फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लॅव्हेरान सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. अचानक त्यांना चाबकासारखे वळवळणारे धागे दिसले. मलेरिया जिवंत परजीवीमुळे होतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

पण ऐकणार कोण? तेव्हा अनेक शास्त्रज्ञ दलदलीतल्या जीवाणूवर खापर फोडत होते. लॅव्हेरान मागे हटले नाहीत. पुरावे जमत गेले आणि हळूहळू जगाला पटलं. १८९६ मध्ये लष्कर सोडून ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९०७ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी तिथल्या प्रयोगशाळेसाठी दिली. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग ते धागे काय होते? परजीवीच्या नर पेशी! डास रक्त शोषतो तेव्हा तापमान उतरतं आणि त्या बाहेर पडतात. काचेवर थंड झालेल्या रक्तातही तेच घडलं.

मादी पेशी तर आधीच तयारीत असते. माणसाच्या रक्तात असतानाच ती पुढे लागणाऱ्या प्रथिनांचे आरएनए संदेश बनवून कुलूपबंद ठेवते. डासाच्या पोटात पोचल्यावरच कुलूप उघडतं आणि प्रथिनं बनू लागतात. त्यातल्याच पीएफएस२५ या प्रथिनाला लक्ष्य करून, परजीवीला डासातच रोखणाऱ्या लसीवर संशोधन झालं आहे.