युद्धछावणीतील गणिती : कार्ल श्वार्झशिल्ड

कार्ल श्वार्झशिल्ड यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. शाळेत असतानाच, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, जोडताऱ्यांच्या कक्षांविषयीचे त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. १८९६ मध्ये म्युनिक येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे १९०१ मध्ये ग्यॉटिंगेन येथे प्राध्यापकपद व १९०९ मध्ये पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. वयाची चाळिशी उलटलेली, पदरी लहान मुले. तरीही ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. ग्रहांच्या कक्षा मोजणारी विद्या आता तोफगोळ्यांचे मार्ग मोजू लागली.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणे मांडली. ती इतकी गुंतागुंतीची होती, की बुधाच्या कक्षेचे कोडे सोडवताना खुद्द आइन्स्टाइन यांनाही अंदाजी उत्तरावर भागवावे लागले होते. श्वार्झशिल्ड यांनी आधी प्रश्न साधा करून घेतला. तारा पूर्ण गोल व स्थिर आहे, भोवती सारे रिकामे आहे आणि त्याचा प्रभाव सर्व दिशांना सारखा, केवळ केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे, असे त्यांनी धरले. एवढ्याने समीकरणांचा गुंता सुटला. डिसेंबर संपण्यापूर्वीच अचूक उकल युद्धआघाडीवरून पत्राने आइन्स्टाइन यांच्या हाती पडली. जानेवारी १९१६ मध्ये त्यांनी ती प्रशियाच्या अकादमीपुढे ठेवली.

या उकलीत एक विशिष्ट त्रिज्या दडलेली होती. सूर्यासाठी ती सुमारे ३ किलोमीटर आहे. तेवढ्या गोलात सूर्य दाबला गेला, तर त्यातून प्रकाशही निसटणार नाही. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो, ते हेच. मात्र हा अर्थ उमगायला कित्येक दशके जावी लागली.

तेवढा अवधी श्वार्झशिल्ड यांना लाभला नाही. आघाडीवरच त्यांना पेम्फिगस हा त्वचेचा दुर्धर विकार जडला. त्या यातनांतही त्यांनी पुंजसिद्धांतावरील एक निबंध पूर्ण केला. ११ मे १९१६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. मुलगा मार्टिन चार वर्षांचाही नव्हता; पुढे ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यासक म्हणून त्याने नाव मिळवले.

काम मात्र थांबले नाही. श्वार्झशिल्ड यांचा गोल विद्युतभाररहित होता. १९१६ मध्ये राइसनर यांनी आणि १९१८ मध्ये नॉर्डस्ट्रॉम यांनी त्याला विद्युतभार दिला. गुरुत्व आणि विद्युतक्षेत्र एकाच उकलीत नांदू लागले. त्यांचा तारा प्रकाशही फेकत नव्हता. ती उणीव भरून निघाली भारतात. बनारस हिंदू विश्वविद्यालयात कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर गणित शिकवीत. त्यांच्याकडे आलेले गुजराती अभ्यासक प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याची उकल प्रसिद्ध केली. जगात तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते.

महाराष्ट्रापासून दूर मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग जवळचा वाटावा. छावणीत अर्धवट राहिलेले एका जर्मन गणितज्ञाचे काम गंगाकाठी, एका मराठी शिक्षकाच्या सहवासात, एक पाऊल पुढे गेले.