नामदार गोखले : माफीपूर्वी आणि माफीनंतर

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे नाव उच्चारताच, गणिते दुसऱ्याच्या मदतीने सोडवली म्हणून शाबासकी नाकारणारा मुलगा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. परंतु गोखल्यांच्या सत्यनिष्ठेची खरी परीक्षा त्या वर्गात झाली नाही. ती झाली वयाच्या ३१ व्या वर्षी, साऱ्या देशादेखत. त्यांचे चरित्र वाचताना मला तोच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटला.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने पोटाला चिमटा घ्यावा, हे आमच्यासारख्या घरांतून आजही घडते. १८८४ मध्ये गोखले बी.ए. झाले. मोठ्या पगाराच्या वाटा सोडून ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात अल्प वेतनावर शिकवू लागले. न्यायमूर्ती रानड्यांसारखा गुरू लाभला आणि हा तरुण प्राध्यापक सार्वजनिक जीवनात झपाट्याने पुढे आला.

१८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. साक्ष उत्तम झाली. मात्र याच काळात पुण्यात प्लेगने हाहाकार उडाला होता. रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते आणि लोक संतापाने पेटले होते. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

पुण्याहून स्नेह्यांची पत्रे गोखल्यांना येत होती. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांतील एकीने आत्महत्या केली, असा मजकूर त्यांत होता. व्यथित झालेल्या गोखल्यांनी ही हकीकत तेथील वृत्तपत्रात व पार्लमेंटच्या सभासदांपुढे मांडली. एकच गदारोळ उठला. मुंबई सरकारने पुरावा मागितला, पण पुण्यात कोणीही पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांनाही आपले नाव उघड व्हायला नको होते. सोजिरांच्या वागण्याने पुणे पोळले होते हे खरेच, पण हा विशिष्ट आरोप गोखल्यांना सिद्ध करता येईना.

आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. मित्रांची नावे सांगून स्वतः मोकळे व्हावे, किंवा सारा दोष आपल्या शिरावर घ्यावा. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली.

पुण्याला ती माफी रुचली नाही. लोकमान्य टिळक त्याच दिवसांत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकेत होते, आणि त्यांच्या निर्भयतेपुढे गोखल्यांची नम्रता लोकांना भ्याडपणाची वाटली. निंदेचा वर्षाव झाला. इंग्रजांनी त्यांना खोटे ठरवले आणि स्वकीयांनी दुबळे! अशा वेळी एखादा माणूस कायमचा घरी बसला असता.

गोखले घरी बसले नाहीत. पुढे पुण्यात प्लेग पुन्हा आला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून मदतकार्यात उतरले. ज्या विषयात बोलणे अंगलट आले, त्याच विषयात त्यांनी हातांनी काम केले. १८९९ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले व त्यानंतर मध्यवर्ती कौन्सिलात गेले. १९०२ सालच्या अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिलेच भाषण गाजले. गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या आकडेशास्त्रात मुरलेल्या शिक्षकाची मदत घेऊन ते एकेक आकडा पारखून घेत. त्यांच्या भाषणांतील संतापापेक्षा त्यांतल्या आकड्यांना उत्तर देणे सरकारला जड जाई. मिठावरील कर १९०३ ते १९०७ या काळात मणामागे अडीच रुपयांवरून एका रुपयावर आला, त्यामागे त्यांनी सतत धरलेला आग्रह होता.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. नव्या सभासदाने आधी पाच वर्षे अभ्यास व उमेदवारी करावी, असा तेथील नियम होता. १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतले तेव्हा वर्षभर देश पाहावा आणि मगच बोलावे, असा सल्ला त्यांनी दिला. या दोन्ही गोष्टींत मला १८९७ ची सावली दिसते. ऐकीव माहितीवर बोलण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती.

त्यांना पुढेही अपयश आले. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पण या वेळी हार झाली ती मतांची; त्यांच्या एकाही विधानाबद्दल त्यांना मान खाली घालावी लागली नाही. आज आमच्यासारख्या घरांतील मुले शाळेत जातात, त्या वाटेवरचे एक पाऊल त्या हरलेल्या विधेयकाचेही आहे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले पुण्यात निवर्तले. त्यांच्या चितेपाशी त्यांचे आजन्म प्रतिस्पर्धी टिळक यांनी त्यांचा गौरव केला. ज्या शहराने अठरा वर्षांपूर्वी त्यांना भ्याड ठरवले होते, तेच शहर त्या दिवशी शोकाकुल झाले होते. माफी मागण्यास धैर्य लागते, हे आपण सारेच म्हणतो. मला वाटते, त्याहून अधिक धैर्य माफीनंतरच्या सकाळी उठून कामाला लागण्यास लागते. गोखल्यांनी ते वर्षानुवर्षे दाखवले.