संगणकाला भाषा शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर



आपल्या भित्तिपत्रकात थोर माणसांची चरित्रे नेहमी येतात. या वेळी मी एका परदेशी बाईंचे चरित्र लिहीत आहे. त्यांचे नाव ग्रेस हॉपर. त्या गणिताच्या प्राध्यापिका होत्या आणि नौदलात अधिकारीही होत्या.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. लहानपणी त्या भारी खटपट्या होत्या. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते ते पाहायला त्यांनी ते खोलले. मग दुसरे खोलले, तिसरे खोलले. अशी घरातली सात घड्याळे त्यांनी खोलली! शेवटी आईने एकाच घड्याळावर खटपट करायची मुभा दिली. आपल्या घरी असं केलं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगायला नको.

पुढे त्या खूप शिकल्या. १९३४ साली येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. मग दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्यांना नौदलात जायचे होते, पण वय जास्त आणि वजन कमी भरले. तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. खास परवानगी मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या भरती झाल्या. १९४४ साली त्यांना हार्वर्ड विद्यापीठात मार्क-१ या गणकयंत्रावर नेमले. हे यंत्र तब्बल ५१ फूट लांब होते. आपले दोन वर्ग जोडले तरी त्यात मावले नसते असे मला वाटते.

तेव्हा यंत्राला प्रत्येक गोष्ट आकड्यांत सांगावी लागे. ग्रेसबाई आणि त्यांचे सोबती उपयोगी पडलेले हिशेब वहीत लिहून ठेवत आणि एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. उतरवताना चुका होत. आपण फळ्यावरचं गणित उतरवताना ६ चा ९ करतो ना, अगदी तसंच! एक आकडा चुकला की सगळे उत्तर चुके.

९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-२ हे यंत्र चुकू लागले. शोधता शोधता आत अडकलेला एक पतंग सापडला. सोबत्यांनी तो फेकला नाही. नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. ग्रेसबाई ही गोष्ट पुढे सगळ्यांना सांगत. मला यातली नोंद करायची सवय फार आवडली.

उतरवण्याच्या चुका टाळायच्या तर ते काम यंत्रानेच करावे, असा विचार त्यांनी केला. १९५२ साली त्यांनी ए-० नावाचा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे दुभाषी. आपण लिहिलेले तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. पहिल्यांदा लोकांचा यावर विश्वासच बसेना. मग त्यांनी इंग्रजी शब्दांत काम सांगता येईल अशी फ्लो-मॅटिक ही भाषा केली. तिच्या आधारावर १९५९ साली कोबोल ही भाषा उभी राहिली. बँकांचे हिशेब कित्येक वर्षे याच भाषेत चालले.

आता महत्त्वाची गोष्ट सांगतो. आजचा कंपायलर दोन तऱ्हेने बोलतो. मोठी चूक असली तर तो कामच थांबवतो. पण कधी कधी काम पुरे करतो आणि नुसता इशारा देतो, की इथे काहीतरी गडबड दिसते. इशाऱ्याने काही अडत नाही, म्हणून माणसं तिकडं बघत नाहीत.

मागच्या रब्बीत आमच्या विहिरीवरची मोटार आठ दिवस घरघर करत होती. आईने दोनदा सांगितलं. बाबा म्हणाले, चालतेय ना, चालू दे. नवव्या दिवशी मोटार जळाली. दुरुस्तीला बुलढाण्याला न्यावी लागली आणि हरभऱ्याचं एक पाणी चुकलं. ती घरघर म्हणजे इशाराच होता. मलाही ऐकू येत होता, पण मीही काही केलं नाही.

मोठ्या प्रोग्रॅममध्ये असे इशारे हजारांनी साचतात. मग नवा इशारा त्या ढिगात दिसतच नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत अशा बारीक चुका वेचणारे एक साधन तयार झाले. त्याचे नाव लिंट. लिंट म्हणजे कापसाचे तंतू, वेचणीला गेल्यावर आपल्या कपड्यांना चिकटतात तसे! आता तर मोठे प्रोग्रॅम दररोज आपोआप जुळवले जातात. त्याला बिल्ड म्हणतात. प्रत्येक बिल्डला किती इशारे आले ते संगणकच मोजतो आणि त्याचा आलेख काढतो. काल १२ होते आणि आज १३ झाले, तर तो एक नवा कुठला ते लगेच शोधता येते. ॲपल कंपनीच्या फोनमध्ये एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे २०१४ साली उघड झाले. तेवढ्याने सुरक्षेची तपासणीच टळत होती. योग्य इशारा चालू ठेवला असता तर ती आधीच सापडली असती.

ग्रेसबाईंनीही नौदलात कोबोलचे कंपायलर नीट चालतात का हे तपासणारे प्रोग्रॅम तयार करवले. १९६६ साली त्या निवृत्त झाल्या, पण पुढच्याच वर्षी नौदलाने त्यांना परत बोलावले. १९८६ साली रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची एक युद्धनौकाही आहे.

मित्रांनो, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ साली परम हा महासंगणक तयार झाला. तेव्हा खेड्यातल्या मुलाला हे जमणार नाही असे समजू नका.

मी आता वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या चुका तारखेसह लिहितो. पहिल्या आठवड्यात १४ झाल्या, या आठवड्यात ९. आमच्या घरच्या कॅलेंडरवर मोटारीचा आवाजही लिहिला जातो. ते बाबांनीच सुरू केलं.

अशा या थोर विदुषीला माझे विनम्र अभिवादन!