विश्लेषण : फ्लॅश नाही, पोझ नाही, पैसेही नाहीत! गांधीजींचे शेवटचे दशक टिपणारे कनू गांधी कोण होते?

महात्मा गांधींची अनेक छायाचित्रे आपण पाठ्यपुस्तकांत, सरकारी भिंतींवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर पाहतो. त्यांतील कितीतरी छायाचित्रे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या एका तरुणाने काढली आहेत. कनू गांधी हे त्यांचे नाव. गांधीजींनी त्यांना छायाचित्रे काढण्याची मुभा दिली, पण तीन अटींवर. त्या अटी दिवसा जड होत्या आणि रात्री जवळजवळ अशक्य. तरीही त्यातूनच गांधीजींच्या अखेरच्या दशकाची सर्वांत जवळून केलेली चित्रनोंद उभी राहिली.

कनू गांधी कोण?

कनू यांचा जन्म १९१७ चा. वडील नारणदास हे गांधीजींचे पुतणे (चुलत भावाचे चिरंजीव), त्यामुळे कनू नात्याने त्यांचे नातू लागत. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. विशीतले कनू येथे गांधीजींच्या कार्यालयीन कामात होते.

नावावरून एक गोंधळ नेहमी होतो. जुहूच्या किनाऱ्यावर गांधीजींच्या काठीचे टोक धरून पुढे चालणारा मुलगा म्हणजे हेच कनू, असे अनेकांना वाटते. १९३७ च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रातला मुलगा म्हणजे गांधीजींचे पुत्र रामदास यांचा मुलगा, तोही कनू. आपण बोलत आहोत ते कनू तेव्हा २० वर्षांचे होते.

कॅमेरा कसा मिळाला?

आश्रमात घडणाऱ्या गोष्टी छायाचित्रांत टिपून ठेवाव्यात, ही कल्पना कनू यांना विनोबा भावे यांचे बंधू शिवाजी भावे यांच्याकडून मिळाली. पण आश्रमाच्या पैशातून कॅमेरा घेणे गांधीजींना मान्य नव्हते. अखेर उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले. त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला.

तीन अटी कोणत्या?

पहिली, फ्लॅश वापरायचा नाही. दुसरी, गांधीजींना छायाचित्रासाठी थांबायला, बसायला किंवा वळायला सांगायचे नाही. तिसरी, या कामाचा खर्च आश्रम देणार नाही. त्यामुळे कनू यांना वृत्तपत्रांना छायाचित्रे विकून फिल्मचा खर्च भागवावा लागे. फिल्म परदेशातून येई आणि दुसऱ्या महायुद्धात आयात मालाची टंचाई होती. एका रोलमध्ये मिळत फक्त १२ छायाचित्रे.

रोलीफ्लेक्स हा ‘मिडियम फॉरमॅट’ का?

पूर्वीच्या स्टुडिओंत काचेच्या मोठ्या प्लेटवर छायाचित्र घेत. तो झाला लार्ज फॉरमॅट. सिनेमाच्या फिल्मवरून आलेली ३५ मिलिमीटरची फिल्म म्हणजे लहान फॉरमॅट. या दोहोंच्या मधला तो मिडियम फॉरमॅट. त्याची ‘१२० रोल’ नावाची फिल्म सुमारे ६ सेंटिमीटर रुंद असते. रोलीफ्लेक्सवर तिच्यावर साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरची चौकोनी निगेटिव्ह मिळते. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा तिचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक भरते. म्हणूनच छायाचित्र मोठे केले तरी चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि खादीचे विणकाम स्पष्ट राहते.

रोलीफ्लेक्स हा जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या फ्रांके अँड हायडेके या कंपनीचा कॅमेरा. पहिला १९२९ मध्ये बाजारात आला. त्याला एकाखाली एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून दृश्य पाहायचे, खालच्यातून छायाचित्र घ्यायचे. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून वरच्या काचेत बघावे लागते. याचे दोन फायदे. छायाचित्रकाराचा चेहरा कॅमेऱ्याआड जात नाही, आणि शटरचा आवाज अगदी हलका असतो. शिवाय समोरचा माणूस जमिनीवर बसून सूत कातत किंवा लिहीत असेल, तर जमिनीवरच बसून पोटाशी धरलेला कॅमेरा त्याच्याकडे वरून पाहत नाही.

तोटाही आहे. काचेतले दृश्य डावीकडचे उजवीकडे असे उलटे दिसते. समोरचा माणूस डावीकडे निघाला की काचेत तो उजवीकडे सरकतो. गांधीजी भराभर चालत. अशा माणसाला न थांबवता या कॅमेऱ्यात पकडणे हे सरावाचे काम होते.

सांडोरपासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याही घरातला जुना अल्बम उघडला, तर लग्नाबारशाचे चौकोनी कृष्णधवल फोटो सापडतील. त्यांतले बरेचसे अशाच दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांनी आणि १२० रोलवर काढलेले असतात.

फ्लॅश नसेल तर दिवसा-रात्री फरक किती?

त्या काळच्या वेगवान फिल्मची संवेदनशीलता आजच्या मोजमापात साधारण १०० आयएसओच्या घरात होती. अशी फिल्म असेल तर भर दुपारच्या उन्हात भिंगाचे छिद्र बारीक करून (एफ-१६) सेकंदाचा शंभरावा भाग शटर उघडले की काम होते. मातीच्या झोपडीत, खिडकीशेजारी, तेवढा उजेड कुठून येणार? छिद्र पूर्ण उघडून (एफ-३.५) सेकंदाचा पंचविसावा भाग तरी द्यावा लागतो. हात जरा हलला की चित्र पुसट. कंदिलाच्या उजेडात तर तेच छिद्र एक-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. म्हणजे दुपार आणि कंदील यांच्या उजेडात दोन ते चार हजार पटींचा फरक. त्यातही शटर सेकंदभराहून अधिक उघडे राहिले, की फिल्म प्रकाशाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही, त्यामुळे आणखी वेळ द्यावा लागतो.

आजचा मोबाइल रात्री एकामागून एक अनेक छायाचित्रे घेतो आणि ती जुळवून एक करतो. फिल्मवर अशी सोय नाही. एकाच चौकटीत उजेड साठत जातो, आणि तेवढा वेळ कॅमेराही हलायला नको आणि समोरचा माणूसही. माणसाला स्थिर बसायला सांगण्याची मुभा तर कनू यांना नव्हती. आश्रमाचा दिवस सूर्योदयापूर्वीच्या प्रार्थनेने सुरू होई आणि सायंकाळच्या प्रार्थनेनंतर संपे. दिवसाची ही दोन्ही टोके अंधारातली. तेथे मार्ग एकच होता : माणूस लिहिण्यात, ऐकण्यात किंवा प्रार्थनेत आपोआप स्थिर होतो त्या क्षणाची वाट पाहणे. त्यासाठी त्याच्या सवयी माहीत हव्यात, आणि त्या आश्रमात राहणाऱ्यालाच माहीत होत्या.

इतर छायाचित्रकारांना फ्लॅश चालत होता का?

फारसा नाही. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचे चरख्याजवळचे छायाचित्र घ्यायला आल्या. तेव्हा त्यांना केवळ तीन फ्लॅश बल्ब वापरण्याची परवानगी मिळाली. त्या काळचा बल्ब एकदाच पेटे. पहिले दोन प्रयत्न वाया गेले आणि तिसऱ्या बल्बने जगप्रसिद्ध छायाचित्र दिले. पाहुण्या छायाचित्रकाराला तीन बल्ब मिळाले, घरच्याला एकही नाही. पण पाहुण्याकडे काही तास होते आणि घरच्याकडे वर्षे.

या वर्षांत कनू यांनी काय टिपले? सेवाग्रामच्या कुटीत दूरध्वनीवर बोलणारे, डोक्यावर उशी घेतलेले, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांना भेटणारे, मुंबईच्या बिर्ला हाऊसमध्ये वजनकाट्यावर उभे राहिलेले आणि रेल्वेच्या खिडकीतून हात बाहेर काढून हरिजन फंडासाठी पैसे गोळा करणारे गांधीजी. यातल्या कुठल्याही क्षणी त्यांनी कॅमेऱ्यासाठी काही केलेले नाही.

कॅमेरा खाली ठेवावा लागला तो प्रसंग कोणता?

‘चले जाव’नंतर गांधीजी आणि कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. कस्तुरबांचे दुखणे वाढल्यावर शुश्रूषेसाठी कनू यांना आत येऊ देण्यात आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. कनू तेथे होते, पण त्या अखेरच्या क्षणांचे छायाचित्र घ्यायला गांधीजींनी मनाई केली. ती त्यांनी पाळली.

याच वर्षी कनू यांचा विवाह आभा चटर्जी यांच्याशी झाला. बंगालच्या आभा लहान वयातच आश्रमात आल्या होत्या.

मग ३० जानेवारी १९४८ ला कनू कुठे होते?

ऑक्टोबर १९४६ मध्ये पूर्व बंगालच्या नोआखालीत दंगली उसळल्या. नोव्हेंबरमध्ये गांधीजी तेथे पोहोचले. त्यांनी सहकाऱ्यांना वेगवेगळ्या गावांत नेमले आणि स्वतः अनवाणी गावोगाव फिरले. कनू यांनी हा प्रवासही टिपला. पण तेथे त्यांचे मुख्य काम छायाचित्रणाचे नव्हते. घाबरलेल्या गावात राहून लोकांना धीर देणे हे होते. गांधीजी बिहारला आणि नंतर दिल्लीला गेले, तरी कनू नोआखालीतच राहिले.

त्यामुळे ३० जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीच्या बिर्ला हाऊसमध्ये आभा गांधीजींच्या बाजूला होत्या. गांधीजींचा हात त्यांच्या खांद्यावर होता. कनू मात्र दूर नोआखालीत होते. त्या दिवसाची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे आँरी कार्तिए-ब्रेसाँ आणि बर्क-व्हाइट यांसारख्या इतरांनी काढली. गांधीजींचे रोजचे जगणे ज्यांनी दहा वर्षे टिपले, त्यांच्या संग्रहात शेवटचा दिवस नाही. गांधीजींनीच नेमून दिलेले काम करत राहिल्यामुळे तो नाही.

पुढे काय झाले?

कनू आणि आभा गुजरातेत राजकोट परिसरात गेले. राजकोटजवळ त्रंबा येथे कस्तुरबांच्या नावाने चाललेल्या संस्थेत त्यांनी आयुष्य घालवले. कनू यांनी छायाचित्रण हा पुढे व्यवसाय केला नाही. २० फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची छायाचित्रे जगभर छापली जात होती, पण अनेकदा खाली छायाचित्रकाराचे नाव नसे. जर्मनीचे पीटर रुहे यांनी ती शोधून, जतन करून प्रदर्शनांतून पुढे आणली. गेल्या दशकात दिल्लीच्या नझर फाउंडेशनने त्यांवर पुस्तक काढले, तेव्हा भारतातील सामान्य वाचकालाही हे नाव कळू लागले.

आज फोटो काढायला ना रोल लागतो, ना फ्लॅश, ना कोणाची परवानगी. रुग्णालयात, स्मशानात, अपघाताच्या जागी मोबाइल आधी वर होतो. कनू यांच्याकडे दर रोलला १२ संधी होत्या आणि सोबत तीन अटी. त्यांतली पोझ न मागण्याची अट आजच्या मोबाइललाही लावता येते. पुण्यातली १९४४ ची मनाई तर कुठल्याही कॅमेऱ्याला लागू पडते.